डोंग्याच्या गाण्यातले सोळा ठोके

आमच्या बँडचा शेवटचा कार्यक्रम एकोडीला होणार, हा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी तलावाच्या पाळीवर होतो. पाटबंधारे खात्यात माझं काम पाणी मोजायचं आहे. रोज सकाळी मोजपट्टीवर पातळी बघायची, वहीत लिहायची, कचेरीला कळवायची. त्या सकाळी आकडा लिहिला, निरोप वाचला, आणि पुन्हा खाली उतरून पट्टी बघितली. लिहिलेला आकडा बरोबर आहे की नाही याची मला खात्री वाटेना. तो बरोबर होता.

‘आमच्या बँडचा’ असं मी लिहिलं खरं, पण मी त्या बँडमध्ये कधीच नव्हतो. मला कुठलंच वाद्य येत नाही. मी ऐकणारा. तीसेक वर्षांत त्यांचे एक्केचाळीस कार्यक्रम मी समोर बसून ऐकले आणि प्रत्येकाची नोंद एका लांबट वहीत ठेवली. गाव, गाण्यांची संख्या, गाण्यांचा क्रम, लोक अंदाजे किती. सुरुवातीला ही वही कोणाला दाखवायची लाज वाटायची. आता आमच्या ऐकणाऱ्यांच्या मोबाइल ग्रुपमध्ये वाद झाला की लोक म्हणतात, वहीवाल्यांना विचारा.

ते चौघं आमच्याच जिल्ह्यातले. गायक बौद्ध कुटुंबातला. विहारात वंदना आणि जयंतीच्या मिरवणुकीत गाणी म्हणून त्याचा गळा तयार झाला. ड्रमवाला वैनगंगेच्या काठचा, घरी मासेमारीचा धंदा. बाकीचे दोघं गिटारवाले, दोघंही शिक्षकांची मुलं. कॉलेजात असताना त्यांनी मराठीत स्वतःची गाणी बांधली आणि ती इलेक्ट्रिक गिटार अन् ड्रमवर वाजवायला लागले. गावात बँड म्हणजे लग्नाचा. पहिल्या वर्षी त्यांचं सामान बैलगाडीतून उतरताना पाहून एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं होतं, “वरात कोनाकडची हाय बापू?” गायक म्हणाला, “नवरदेव भेटला नाही बाबा. तुमी बसता का घोड्यावर?” म्हातारा कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिला. हे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

निरोपात कारणही दिलं होतं. गायकाच्या गळ्याला डॉक्टरांनी आता ताण नको म्हणून सांगितलं होतं आणि एक गिटारवाला मुलाकडे कायमचा राहायला चालला होता. चौघांनीही पन्नाशी ओलांडलेली. धानाची कापणी झाल्यावर, दुपारी चारला एकोडीला शेवटचा कार्यक्रम. आणि खाली एक ओळ होती: शेवटी डोंग्याचं गाणं होईल आणि ते लोकांसोबत रेकॉर्ड करू.

ती ओळ मी तीनदा वाचली. त्याचं कारण सांगायला मला कोंढ्याला जावं लागेल, अठ्ठावीस वर्षं मागं.

डोंग्याचं गाणं म्हणजे त्यांचं सगळ्यात आवडतं गाणं. दिवस मावळताना नदीवर डोंगा शेवटची फेरी मारतो आणि डोंगेवाला हाक देतो, “काठावर कोण उरलं?” गायकाच्या या प्रश्नानंतर दोन्ही गिटारी थांबतात. फक्त ड्रम वाजतो. सोळा ठोके. त्यातले पहिले बारा सुटे, मोकळे, आणि शेवटच्या चारांत गडगडाट. तो गडगडाट थांबला की लोकांनी उत्तर द्यायचं, “आम्ही उरलो.” हे उत्तरही बरोबर चार ठोक्यांचं. मग गायक पुढचं कडवं उचलतो. गाणं असं बांधलेलं आहे.

कोंढ्याला हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर आलं. तो माझा तिसरा कार्यक्रम. नागपूरहून एक माणूस मोठं टेप मशीन घेऊन आला होता. लोकांसोबतची कॅसेट काढायची होती. गायकानं सगळं नीट समजावून सांगितलं, हातानं ठोके मोजून दाखवले. मी पहिल्या ओळीत होतो. नुकतीच नोकरी लागलेली, अंगात नवा पिवळा शर्ट. मोजणं तर माझ्या हातचं काम. गाणं सुरू झालं, प्रश्न आला, ड्रम सुरू झाला, मी मोजायला लागलो. बारापर्यंत मोजल्याचं मला आठवतं. तेराव्याला गडगडाट सुरू झाला आणि माझ्या तोंडून पूर्ण ताकदीनं निघालं, “आम्ही उरलो!”

माझ्या मागं सगळं मैदान ओरडलं.

गायकानं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या कोणाकडे नाही, माझ्याकडे. ड्रमवाल्याच्या काड्या क्षणभर अडखळल्या, गिटारी चुकीच्या जागी शिरल्या आणि गाणं कसंबसं संपलं. पुन्हा वाजवू म्हणून ते तयारी करत होते तेवढ्यात लाइट गेली. दीड तास वाट पाहून टेपवाला मशीन गुंडाळून निघून गेला. ती कॅसेट कधीच निघाली नाही. नंतर त्यांनी नागपूरच्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड केलं, त्यात ठोके बरोबर सोळा आहेत आणि उत्तर देणारे चार भाड्याचे आवाज आहेत.

त्यानंतर आमच्याकडे जिथं जिथं ते गाणं झालं, तिथं लोक तेराव्यालाच शिरले. मी पाहायचो, ऐकायचो आणि वहीत एक जास्तीचा रकाना पाडून लिहायचो: तेरा. तेरा. तेरा. मला वाटायचं, हा रोग माझा आहे. कोंढ्यात पहिल्या ओळीत एका पिवळ्या शर्टानं चूक केली आणि ती गावोगाव पसरली. बाहेरगावी, नागपूर, वर्धा, अमरावतीला मी गेलो तेव्हा तिथले लोक सोळा ठोके शांतपणे थांबायचे. मला तिथं फार बरं वाटायचं आणि फार वाईटही.

हे फक्त माझ्या एका मित्राला माहीत होतं. त्याचं लाखांदूरला मोबाइलचं दुकान आहे. कोंढ्याला तो माझ्या शेजारी बसला होता आणि त्यानं मला ते कधी विसरू दिलं नाही.

तर आता त्यांचं शेवटचं रेकॉर्डिंग होणार होतं. लोकांसोबतचं पहिलं आणि अखेरचं. या वेळी ते बिघडू द्यायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं. मी ग्रुपवर लांब निरोप लिहिला. गाण्याची रचना, ठोक्यांचा हिशेब, तेराव्याला गडगडाट सुरू झाला तरी तोंड मिटून ठेवायचं, सतराव्याला शिरायचं. बोटांवर कसं मोजायचं तेही लिहिलं: चार बोटं, चार वेळा. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग जोडलं. रोज दोनदा सराव करा म्हणून विनंती केली. लोकांनी अंगठे पाठवले. तुमसरच्या एका नर्सबाईंनी लिहिलं की दवाखान्यात इंजेक्शन भरता भरता त्या सोळा मोजतात, पेशंट घाबरतो.

मित्राचा फोन आला.

“वाचलो बे तुझा जाहीरनामा,” तो म्हणाला. “रोग पसरवनाराच आता डॉक्टर झाला.”

“मस्करी नको करू. या वेळी बरोबर झालं पाहिजे.”

“होते न. तू तोंड बंद ठेव, बाकीचे आपोआप बरोबर म्हनतीन.”

“मी तर सतराव्यालाच म्हणणार.”

“अठ्ठावीस वर्सं झाले गा. ते विसरले असतीन. तूच धरून बसला.”

“विसरले असतील तर असोत. मी नाही विसरलो.”

“पिवळा शर्ट घालू नोको, बस,” तो म्हणाला.

घरी मी संध्याकाळी पडवीत बसून सराव करायचो. बायको सुपात तांदूळ निवडत असायची. दोन-तीन दिवस तिनं बघितलं, मग विचारलं, “काय मोजून राहिले जी? सकाळी पानी मोजता, संध्याकाळी बोटं. तेवढीच हायेत न?”

मी तिला सगळं सांगितलं, कोंढ्यासकट. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट मी तिला पहिल्यांदा सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं.

“म्हणजे तुमी जराशे लवकर बोलले.”

“चार ठोके.”

“तेवढ्यासाठी इतके वर्सं?”

ती या कार्यक्रमांना कधी आली नव्हती. ‘तुमचे गिटारवाले’ म्हणायची आणि दरवेळी डबा बांधून द्यायची, हे मात्र सांगितलं पाहिजे. एक्केचाळीस कार्यक्रमांपैकी लग्नानंतरच्या सगळ्यांना मी तिच्या हातची भाकर खाऊन बसलो आहे. या वेळी ती आपणहून म्हणाली, “एकोडीले मी येतो. माहेर हाय माझं. तुमचे गिटारवाले माझ्या गावी येतात अन् मी घरी बसू काय?”

कार्यक्रम शाळेमागच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांत होता. धान कापून झालेलं, जमीन वाळलेली, धसकटांवर धानाचं तणस पसरून बसायची सोय केली होती. सहा वाजेपर्यंतच लाउडस्पीकरची परवानगी होती, म्हणून चारला वेळेवर सुरू होणार. आम्ही दोनलाच पोचलो. मी लोक मोजत होतो. एका बांधीत साधारण चारशे बसतात. साडेतीनला सहा बांध्या भरल्या आणि मधल्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवरही लोक उभे राहिले. मग मी मोजणं सोडलं. हेही वहीत पहिल्यांदाच घडलं.

आमच्या पुढं एक एसटीचा ड्रायव्हर खाकी कपड्यांतच आला होता. तो शेजारच्याला सांगत होता की लाखांदूर ते साकोली रस्त्यावर पंधरा वर्षं तो मनातल्या मनात हीच गाणी म्हणत गाडी चालवतो, मोठ्यानं म्हटली तर कंडक्टर तक्रार करतो. एका बाईंच्या हातात कॅसेट होती, तिची टेप कधीचीच आत गुंतली होती. “वाजत नाही,” त्या म्हणाल्या, “पन घरी सोडून कशी येऊ?” आणि लोकांनी सोबत आणलेल्या पिशव्या स्टेजच्या कडेला ठेवल्या होत्या. नवे तांदूळ, लाखोळीची डाळ, कोणी जवस, कोणी वाळवलेल्या मासोळ्या. आमच्याकडे पाहुणा जायला निघाला की त्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. हळूहळू तो ढीग ड्रमपेक्षा उंच झाला.

चौघं स्टेजवर आले. लोक उठून उभे राहिले आणि बराच वेळ खालीच बसेनात. गायकानं ढिगाकडे बघितलं.

“गानं सोडतो म्हनून किराना दुकान टाकाले लावता काय?” तो माइकमध्ये म्हणाला. सगळे हसले आणि हसता हसताच पुष्कळांनी डोळे पुसले. माझा मित्र, जो स्वतःला फार कठीण काळजाचा समजतो, तो चष्मा काढून शर्टानं पुसत बसला. चष्मा स्वच्छ होता.

चौदा गाणी झाली. गायकाचा आवाज वरच्या सुरांत फाटत होता. पूर्वी तो जिथं एकटा चढायचा तिथं आता माइक लोकांकडे करायचा आणि सगळ्या बांध्या ती जागा गाऊन द्यायच्या. मला त्या गाण्यांसोबत माझे दिवस आठवत होते. पहिली बदली झाली तेव्हा एकट्या खोलीत कोणतं गाणं लावायचो. आई गेली त्या महिन्यात कोणतं लावू शकलो नाही. मी गाणारा नाही, लिहिणारा नाही, पाण्याची पातळी लिहिणारा माणूस आहे. माझ्या मनात जे यायचं त्याला शब्द या चौघांनी दिले, आणि तेही माझ्याच जिल्ह्याच्या मातीतले दिले. हे मी त्यांना कधी बोललो नव्हतो. आज रेकॉर्डिंग नीट झालं की तेच माझं बोलणं, असं मी ठरवलं होतं.

सव्वापाचला ऊन तिरपं होऊन तणसावर आलं. गायक पुढं आला.

“आता डोंग्याचं गानं,” तो म्हणाला. “हे रेकॉर्ड होऊन राहिलं. तुमी दरवेळी जसं म्हनता तसंच म्हना, बस.”

हे मी ऐकलं. पण तो भला माणूस, लोकांना दडपण नको म्हणून बोलला असेल, असं मला वाटलं. मी मागं वळून ओळखीच्या लोकांना चार बोटं दाखवली. नर्सबाईंनी मान हलवली. बायको माझ्या डाव्या हाताला मांडी घालून बसली होती, पदर खोचून, जशी कामाला बसते तशी.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. गायकानं डोळे मिटले आणि विचारलं, “काठावर कोण उरलं?”

गिटारी थांबल्या. ड्रम सुरू झाला. मी बोटांवर मोजायला लागलो. एक ते चार. पाच ते आठ. पुढच्या ड्रायव्हरचीही बोटं हलत होती, हे मला दिसलं आणि धीर आला. नऊ, दहा, अकरा, बारा. गडगडाट सुरू झाला.

“आम्ही उरलो!”

सहाही बांध्या. धुऱ्यावरचे. ड्रायव्हर. नर्सबाई, सरावासकट. माझा मित्र. आणि माझ्या डाव्या कानाजवळ माझी बायको, जी हे गाणं समोर बसून पहिल्यांदाच ऐकत होती, तिनंही तेराव्याच ठोक्याला, कोणी न सांगता. मी तोंड घट्ट मिटून धरलं. डोळ्यांत पाणी आलं. पण मी ठरवलं होतं, निदान एक माणूस बरोबर म्हणेल. चौदा, पंधरा, सोळा.

सतराव्याला ड्रम थांबला. लोकांचं उत्तर संपलेलं. आमच्याकडे अशा वेळी गायक लगेच पुढचं कडवं उचलतो. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. तो रडत होता. त्या पूर्ण शांततेत, अडीच हजारांत एकट्या माणसाचा, माझा आवाज निघाला, बेसूर आणि अगदी मोजून: “आम्ही उरलो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मित्रानं माझ्याकडे बघितलं. पण गायकानंही बघितलं, आणि मान हलवली. ड्रमवाल्यानं पुन्हा बारा सुटे ठोके दिले, गडगडाट केला, बांध्यांनी परत उत्तर दिलं, आणि या वेळी गायकानं कडवं उचललं. फाटक्या आवाजात, पण शेवटपर्यंत म्हटलं.

गाणं संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ड्रमवाल्यानं काड्या खाली ठेवल्या तेव्हा मग वाजल्या आणि थांबेनातच. सहा वाजायला चार मिनिटं असताना लाउडस्पीकर बंद झाला.

मी तणसावरच बसून होतो. बायकोला म्हणालो, “तू तरी थांबायचं ना. सांगितलं होतं तुला, लवकर शिरायचं नाही.”

“लवकर कुठी शिरली? बरोबर तं म्हनली.”

“गडगडाट संपायचा होता.”

“तेच तं. तो खाली उतरून राहिला होता न, तवाच धराचं असते. संपल्यावर धरलं तं हात थांबतात.”

“कोणाचे हात?”

तिनं माझ्याकडे, मला काहीच कसं कळत नाही, अशा नजरेनं बघितलं. “रोवन्यातले, जी. धान लावता लावता एक बाई गानं सांगते, बाकीच्या झेलतात. तिची ओळ पुरी होऊ देली तं मधात रिकामी जागा पडते, अन् चिखलात हात थांबले का कंबर दुखाले लागते. म्हनून ती उतराले लागली का आपन वरून धराचं. मी दहा वर्सांची होती तवापासून असंच म्हनतो. याच बांध्यांत.”

मी वही काढली. आता अंधारून येत होतं, तरी रकाना दिसत होता. आजच्या आधी एकोणचाळीस वेळा मी हे गाणं ऐकलं होतं. तेहतीस वेळा तेरा, सहा वेळा पूर्ण सोळा. सोळाचे सहा: नागपूर चार, वर्धा एक, अमरावती एक. तेराच्या तेहतिसांत आपल्या जिल्ह्यातले एकोणतीस, आणि बाहेरचे चार. ते चार मी कधी नीट बघितलेच नव्हते, आमची माणसं तिकडं गेली असतील असं धरून चाललो होतो. गोंदिया दोन, गडचिरोलीकडचे दोन. जिथं जिथं धान रोवतात, तिथं तिथं तेरा. सोळावाले शहरातले नाहीतर कापसाकडचे. आकडे सगळे माझ्याजवळ होते, माझ्याच अक्षरात. फक्त मी दिघोरीतला, धानाच्या गावात वाढलेला, रोवणा चालू असताना धुऱ्यावर बसून ती गाणी रोज ऐकलेला माणूस, हे त्या रकान्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

स्टेजमागं ड्रमवाला सामान बांधत होता. मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोललो.

“कोंढ्याला टेप बिघडवली तो मी,” मी म्हणालो.

त्यानं वर बघितलं. “माहीत हाय. पिवळा शर्ट.”

“माझ्यामुळं तुमची कॅसेट गेली.”

“हाव, तुमच्याचमुळं गेली,” तो म्हणाला. त्यानं ते नाकारलं नाही याचं मला बरं वाटलं. “महिनाभर आमी तुमाले शिव्या देल्या. मंग एक दिवस मी घरी वाजवून राहिलो होतो अन् माझी माय बाहेरून आली. गडगडाट सुरू झाला तं तिनं आपोआप धरलं. तुमच्यासारखंच. तवा आमी बसून गानं बदलवलं. इकडं वाजवाचं तं तेराव्याले लोकं येतीन असं धरूनच वाजवाचं. बाहेर सोळा. तुमाले वाटलं, तुमी चुकून राहिले अन् आमी सावरून घेऊन राहिलो?”

“तसंच वाटलं.”

“आन् आज तुमीच सोळा मोजले.” तो हसला. “आमी अठ्ठावीस वर्सं तुमच्यासारखं वाजवाले शिकलो, अन् तुमी आज आमच्यासारखं म्हनाले आले.”

मी म्हणालो की रेकॉर्डिंगमधून माझा आवाज काढून टाकता येईल. मशीनवर ते जमतं, मला माहीत आहे.

“पाहू,” तो म्हणाला. मग बायकोकडे वळून, “वहिनी, थोडी लाखोळी घेऊन जा. आमच्यानं सरत नाही एवढी.”

“देल्याली वस्तू वापस घेत नाही आमी,” बायको म्हणाली. “मासोळ्या मात्र उन्हात ठेवजो उद्या, नाही तं वास मारतीन.”

मला त्याचे आभार मानायचे होते. तरी घरून एक वाक्य तयार करून नेलं होतं. ते आठवेना. मी त्याच्या ड्रमची एक पेटी उचलून गाडीपर्यंत नेली आणि दुसरी आणायला परत आलो. एकूण सात पेट्या होत्या. चार मी नेल्या, तीन मित्रानं. त्यानं एकही टोमणा मारला नाही, ही त्याच्याकडून मोठी गोष्ट होती.

तीन आठवड्यांनी रेकॉर्डिंग ग्रुपवर आलं. सकाळी पातळी लिहून घरी आलो, बायकोनं चहा ठेवला आणि आम्ही दोघांनी पडवीत बसून ऐकलं. प्रश्न. बारा ठोके. गडगडाट, आणि त्यावर सगळ्या बांध्यांचा आवाज, असा की मोबाइल हातात थरथरला. मग शांतता. मग तो एकटा आवाज. त्यांनी काढला नव्हता.

“हे कोन बाप्पा एकटं?” बायको म्हणाली. “घरातलंच मानूस दिसते.”

तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी गडगडाट सुरू झाला तेव्हा तिनं तेराव्याला धरलं, आणि मीही धरलं. मोजलं नाही.

नंतर वही काढली. बेचाळिसावा कार्यक्रम, एकोडी, गाणी पंधरा, लोक मोजले नाहीत. शेवटच्या रकान्यात लिहिलं: तेरा, सगळे. आणि त्याखाली, कारण तेही झालं होतं: सतरा, एक जण. पानावर खाली आणखी जागा होती. तिथं ते घरून नेलेलं वाक्य लिहिलं, जे मला स्टेजमागं आठवलं नव्हतं. ते तीनच शब्दांचं आहे: तुमचे फार आभार.